आपत्तीतून वाचलेल्यांसाठी बोलण्यातून उपचार : केव्हा सुरू करावेत, कोणाकडून घ्यावेत आणि त्यांत नेमके काय होते

भूकंप, पूर, वादळ, दरड किंवा वणवा यांतून वाचलेल्या माणसाला आजूबाजूचे लोक दोन परस्परविरोधी सल्ले देत असतात. काही जण म्हणतात, “झालं गेलं विसरून जा.” काही जण म्हणतात, “सगळं बोलून टाक, मन मोकळं होईल.” दोन्ही सल्ले आपुलकीतून येतात आणि दोन्ही अपुरे पडतात. आठवण दडपून ठेवली की ती अवेळी उसळून वर येते हे खरे. पण कोणाहीपुढे, केव्हाही आणि कसेही बोलून टाकल्याने ती निवते असेही नाही. मानसिक आघातावर बोलण्यातून उपचार करण्याच्या ज्या पद्धती गेल्या काही दशकांत काटेकोर चाचण्यांतून तपासल्या गेल्या, त्या सर्वांत काय बोलायचे याइतकेच केव्हा बोलायचे, किती बोलायचे आणि कोणत्या क्रमाने बोलायचे याला महत्त्व आहे. आपत्तीतून वाचलेल्या व्यक्तीला आणि तिच्या घरच्यांना हा क्रम समजावा, उपचार घ्यायचे ठरले तर ते डोळसपणे घेता यावेत, यासाठी हा लेख लिहिला आहे.

पहिले काही दिवस : खोदून विचारू नये

आपत्तीनंतरच्या पहिल्या दिवसांत झोप न लागणे, बारीकशा आवाजाने दचकणे, रडू न आवरणे किंवा उलट काहीच न वाटणे, हा आजार नव्हे. जिवावरच्या धोक्यातून गेलेले शरीर काही काळ सावधच राहते. सुरक्षित जागा, झोप, अन्नपाणी आणि आपली माणसे मिळाली की बहुसंख्य लोकांच्या बाबतीत ही अवस्था काही आठवड्यांत आपोआप ओसरते.

या काळात लोकांना एकत्र बसवून प्रसंग तपशीलवार सांगायला लावण्याची पद्धत एके काळी फार प्रचलित होती. ‘डीब्रीफिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत जेफ्री मिशेल यांनी १९८३ साली आपत्कालीन सेवांतल्या कर्मचाऱ्यांसाठी मांडली आणि पुढे ती सरसकट सर्वच आपद्ग्रस्तांवर वापरली जाऊ लागली. अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात मात्र असे दिसून आले, की एकाच बैठकीत उरकलेल्या अशा डीब्रीफिंगमुळे पुढे होणारा आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी, टळत नाही. एखाद्या दीर्घ पाठपुराव्यात तर ते घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट आढळली. म्हणून निवारा शिबिरात कोणी वही घेऊन येऊन “त्या रात्री काय काय झालं ते सगळं सांगा” असा आग्रह धरत असेल, तर नम्रपणे नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. स्वतःहून सांगावेसे वाटले तर जरूर सांगावे. सक्तीने काढून घेतलेले कथन तुमच्या उपयोगाचे नसते.

या टप्प्यावर लागते ते ‘मानसिक प्रथमोपचार’. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली सहयोगी संस्थांसह यासाठी जी क्षेत्रपुस्तिका काढली, तिचा गाभा तीन कृतींत आहे : पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे. कोणाला तातडीची मदत हवी आहे ते पाहावे, समोरचा जेवढे बोलेल तेवढे ऐकावे, आणि त्याला नातेवाईक, वैद्यकीय मदत, कागदपत्रे, निवारा यांच्याशी जोडून द्यावे. हे करण्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. स्टीव्हन हॉबफॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली सुरुवातीच्या मदतीची पाच सूत्रे मांडली. सुरक्षिततेची जाणीव, मनाची शांतता, स्वतःला व समूहाला काही करता येते हा विश्वास, माणसांशी जोडलेपण आणि आशा. हरवलेल्या भावाचा फोन लागणे हे या दिवसांत कोणत्याही समुपदेशनापेक्षा मोठे काम करते.

झोप येत नाही म्हणून लगेच झोपेच्या गोळ्यांकडे वळण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आघाताच्या पहिल्या महिन्यात ताणाच्या तीव्र लक्षणांसाठी किंवा निद्रानाशासाठी बेन्झोडायझेपिन गटातली औषधे देऊ नयेत. ही औषधे आधीपासून चालू असतील तर मात्र ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

उपचारांची गरज कशी ओळखावी

साधारण एक महिना उलटल्यावर स्वतःकडे नीट पाहावे. तीन गोष्टी तपासायच्या. पहिली म्हणजे प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखा अनुभव : दुःस्वप्ने पडणे, जागेपणी दृश्य डोळ्यांपुढे उभे राहणे, पावसाचा किंवा गडगडाटाचा आवाज ऐकताच छातीत धडधडणे. दुसरी म्हणजे टाळाटाळ : तो रस्ता, ती नदी, ती खोली, त्या दिवसाचा विषय, बातम्या, इतकेच काय पण त्या दिवशी सोबत असलेली माणसेही टाळणे. तिसरी म्हणजे धोका अजून डोक्यावर असल्यासारखे सतत टपून राहणे. यांच्या जोडीला अपराधभाव, चिडचिड, माणसांपासून तुटल्यासारखे वाटणे हेही येते. ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि त्यांमुळे काम, झोप, घरातली नाती बिघडू लागली, तर तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ झाली असे समजावे. पीसीएल-५ ही वीस प्रश्नांची चाचणी यासाठी जगभर वापरली जाते. तिचे गुण ० ते ८० या पट्टीवर मोजतात आणि साधारण ३१ ते ३३ च्या पुढचे गुण असले तर सविस्तर तपासणीची गरज मानली जाते. चाचणीवरून निदान होत नाही, फक्त दिशा कळते.

अनेकांची, विशेषतः वयस्कर माणसांची, तक्रार मनाची नसतेच. डोके दुखते, पोटात खड्डा पडतो, अंगात त्राण राहत नाही, असे ते सांगतात. शारीरिक तपासणी जरूर करावी, पण तपासण्या वारंवार स्वच्छ येत असतील तर आपत्तीच्या दिवसाबद्दल हळुवारपणे विचारायला हवे.

काही गोष्टींसाठी महिना थांबू नये. जगणे नको वाटणे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणे, कोणी नसताना आवाज ऐकू येणे, खाणेपिणे पूर्ण सुटणे, दारू किंवा इतर नशेचे प्रमाण झपाट्याने वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, जवळचे रुग्णालय किंवा आपल्या भागातली मानसिक आरोग्याची हेल्पलाइन गाठावी. अशा व्यक्तीला एकटे सोडू नये.

कोणाकडे जावे आणि पहिल्याच भेटीत काय विचारावे

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि प्रशिक्षित समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. आघाताच्या बाबतीत पदवीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा प्रश्न असा, की या व्यक्तीने आघातकेंद्री, म्हणजे आघाताच्या आठवणीवर थेट काम करणाऱ्या, पद्धतीचे प्रशिक्षण घेतले आहे का. पहिल्या भेटीत हे सरळ विचारावे : “तुम्ही कोणती पद्धत वापरता? साधारण किती सत्रे लागतील? सुधारणा होते आहे हे आपण कसे मोजणार? मी जे सांगेन ते कोणाला कळेल, आणि कोणत्या परिस्थितीत तुम्हाला ते इतरांना सांगावे लागेल?” चांगला तज्ज्ञ या प्रश्नांनी दुखावत नाही. जो दर भेटीत नुसते ऐकून घेतो, पण सहा-सात सत्रांनंतरही आपण कुठे चाललो आहोत हे सांगू शकत नाही, त्याच्याकडे चांगुलपणा भरपूर असला तरी हे उपचार नव्हेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुरेसे तज्ज्ञ उपलब्ध नसणे ही आपत्तीग्रस्त भागातली नेहमीची अडचण असते. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ हा कार्यक्रम त्यासाठीच तयार झाला आहे. प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेले, पण तज्ज्ञ नसलेले मदतनीस प्रत्येकी सुमारे ९० मिनिटांच्या पाच सत्रांत ताण हाताळणे, व्यावहारिक अडचणी सोडवणे, कामाला पुन्हा लागणे आणि माणसांचा आधार वाढवणे ही कौशल्ये शिकवतात. तीव्र पीटीएसडीवर तो पुरेसा ठरेलच असे नाही, पण उदास, चिंताग्रस्त आणि अडचणींनी घेरलेल्या मोठ्या वर्गासाठी तो खरोखर उपयुक्त आहे.

आणखी दोन बारीक बाबी. शिबिरात तंबूच्या कापडी भिंतीआड बोललेले शेजारी ऐकू जाते. म्हणून सत्रासाठी वर्गखोली, दवाखान्यातली बंद खोली किंवा निदान माणसांपासून लांबची जागा मागून घ्यावी. तज्ज्ञाला तुमची भाषा येत नसेल तर दुभाषी बाहेरचा असावा, घरातल्या मुलाला या कामाला लावू नये. आईवडिलांच्या आघाताचे तपशील मुलाच्या तोंडून वदवून घेणे हा त्याच्यावर नवा आघात ठरतो.

सुरुवातीची सत्रे : पाय रोवून उभे राहणे

पहिल्या एक-दोन सत्रांत तज्ज्ञ इतिहास घेतो. आपत्तीचाच नव्हे, तर त्याआधीच्या आयुष्याचाही, कारण जुने आघात नव्याला बळ देतात. सध्या राहायला कुठे आहात, कोणाबरोबर आहात, मदतीची कागदपत्रे कुठवर आली आहेत, रात्री शांत झोपण्याजोगी जागा आहे का, हेही विचारले गेले पाहिजे. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाच्या चिंतेला नुसते ‘लक्षण’ म्हणणे अन्यायाचे आहे. मात्र पक्के घर मिळेपर्यंत उपचार लांबवलेच पाहिजेत असेही नाही. निर्वासितांच्या छावण्यांतही आघातकेंद्री उपचार यशस्वीपणे झालेले आहेत.

याच काळात मन भूतकाळात ओढले जाऊ लागले की वर्तमानात परतण्याची तंत्रे शिकवली जातात. सर्वांत साधे तंत्र श्वासाचे आहे : नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि घ्यायला जितका वेळ लागला त्याहून अधिक वेळ लावून तो सोडायचा, असे चार-पाच मिनिटे. दुसरे तंत्र ‘ग्राउंडिंग’ या नावाने ओळखले जाते. दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवून दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यायची, चार गोष्टींना स्पर्श करायचा, तीन आवाज ओळखायचे, दोन वास ओळखायचे आणि मग आजची तारीख व आपण बसलो आहोत ती जागा मोठ्याने म्हणायची. वणव्यातून वाचलेल्या माणसांसाठी वास ओळखण्याची पायरी गाळावी किंवा हातात आपल्या आवडीच्या वासाची एखादी वस्तू ठेवावी, कारण धुराचा पुसट गंधही त्यांना थेट त्या दिवसात नेऊन सोडतो. ही तंत्रे रोज, शांत असतानाही करावी लागतात. घाबरल्यावर पहिल्यांदा आठवून ती साधत नाहीत.

मुख्य टप्पा : आठवणीकडे वळणे

उपचारांचा खरा भाग इथे सुरू होतो आणि काही जण नेमके इथेच उपचार सोडतात. म्हणून या टप्प्यावर काय होते आणि का होते, हे आधी समजून घेणे फार गरजेचे आहे.

आघाताची आठवण इतर आठवणींसारखी ‘झालेली गोष्ट’ म्हणून मनात बसलेली नसते. ती तुकड्यातुकड्यांत येते आणि येते तेव्हा आत्ताच घडत असल्यासारखी वाटते. ती टाळल्याने तात्पुरते हायसे वाटते, पण त्यामुळे ‘मी ती आठवण सहन करू शकत नाही’ हा समजही दर वेळी घट्ट होतो. एड्ना फोआ यांनी विकसित केलेल्या प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर या पद्धतीत हे चक्र थेट मोडले जाते. सत्रे साधारण ८ ते १५ आणि बहुधा ९० मिनिटांची असतात. व्यक्ती डोळे मिटून, वर्तमानकाळात, तो प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगते. एकदाच नव्हे, तर त्याच सत्रात पुन्हा पुन्हा. भीती किती आहे हे ० ते १०० या पट्टीवर मधूनमधून सांगायचे असते.

पुरातून वाचलेल्या एखाद्या बाईंच्या सत्रात हे असे ऐकू येईल : “अंधार आहे. पाणी दारातून आत येतंय. मी पोरीला माळ्यावर चढवतेय. खाली भांडी तरंगून एकमेकांवर आपटतायत.” तज्ज्ञ हलक्या आवाजात विचारतो, “आत्ता आकडा किती?” “पंच्याऐंशी.” “ठीक आहे. तुम्ही इथे सुरक्षित आहात. पुढे काय होतंय?” तो धीराचे लांबलचक भाषण करत नाही आणि घाईने विषयही बदलत नाही. चौथ्या-पाचव्या कथनात या बाईंच्या लक्षात येते, की घरात कोणी भांडी घासायला बसले की आपण उठून बाहेर का जातो, याचे उत्तर त्या माळ्याखालच्या आवाजात आहे. आवाज आणि संकट यांची गाठ कळली, म्हणजे ती सोडवता येते. कथन संपल्यावर पंधरा-वीस मिनिटे त्यावर शांतपणे बोलणे होते आणि व्यक्ती सावरल्यावरच तिला घरी पाठवले जाते. कथनाचे ध्वनिमुद्रण रोज ऐकणे हा घरचा अभ्यास असतो.

पहिल्या दोन-तीन कथनांनंतर स्वप्ने वाढू शकतात, दोन दिवस जड जाऊ शकतात. हे तज्ज्ञाने आधी सांगायला हवे आणि घरच्यांनाही ते ठाऊक हवे. नाहीतर “तिथे गेल्यापासून जास्तच बिघडलंय” म्हणून घरचेच उपचार बंद करतात. बहुतेकांमध्ये ही वाढ तात्पुरती असते. ती तीन-चार आठवड्यांनंतरही उतरत नसेल, तर मात्र पद्धतीचा फेरविचार करावा.

प्रत्येकाला हीच पद्धत मानवेल असे नाही. मॅगी शाउअर, फ्रँक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट यांनी विकसित केलेल्या नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपीत एका प्रसंगाऐवजी सगळे आयुष्य कालक्रमाने सांगितले जाते. जमिनीवर दोरी अंथरून तिच्यावर आनंदाच्या प्रसंगांसाठी फुले आणि आघातांसाठी दगड मांडतात, मग एकेका दगडापाशी थांबून त्याचे कथन होते आणि शेवटी लिहून झालेली जीवनकथा त्या व्यक्तीच्याच हाती दिली जाते. ज्यांच्या वाट्याला एकामागून एक आपत्ती आल्या, त्यांना ही पद्धत मला अधिक न्याय देणारी वाटते. फ्रान्सिन शपिरो यांच्या ईएमडीआर पद्धतीत आठवण मनात धरून डोळ्यांची डावी-उजवी हालचाल केली जाते आणि तपशील मोठ्याने सांगावे लागत नाहीत. डोळ्यांची हालचाल नेमके काय साधते याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण पीटीएसडीवर या उपचाराचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे.

‘माझ्यामुळे झालं’ : अपराधभावावरचे काम

भीतीपेक्षा अपराधभाव अधिक चिवट असतो. पॅट्रिशिया रेसिक यांच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीत, जी साधारण १२ सत्रांची असते, मुख्य भर यावरच आहे. घटनेमागचे कारण काय आणि तिने आपल्याबद्दलचे, जगाबद्दलचे विचार कसे बदलले, हे व्यक्तीने आधी लिहून आणायचे असते. त्या लिखाणात मन जिथे अडकले आहे त्या वाक्यांवर मग एकेक करून काम होते.

भूकंपात पत्नी गमावलेला एखादा गृहस्थ म्हणतो, “पहिल्या धक्क्यानंतर आम्ही बाहेर आलो होतो. मीच म्हणालो, चला आत, आता काही होत नाही.” इथे “तुमची काही चूक नव्हती” असे सांगितल्याने काहीही साधत नाही, हे त्यांनी शंभर जणांकडून ऐकलेले असते. तज्ज्ञ विचारतो, “तेव्हा आजूबाजूचे लोक काय करत होते?” “सगळेच आपापल्या घरात गेले.” “दुसरा धक्का येईल असं कोणी सांगितलं होतं?” “नाही.” “आत जायचं का ठरवलंत?” “थंडी होती. तिला दम लागायचा.” थोडा वेळ कोणी काही बोलत नाही. मग ते गृहस्थ स्वतःच म्हणतात, “तिला त्रास होऊ नये म्हणूनच मी आत नेलं.” तज्ज्ञाने हे वाक्य त्यांच्या तोंडी घातले असते तर ते त्यांना कधीच पटले नसते. आज जे माहीत आहे ते त्या क्षणी माहीत नव्हते, हे माणसाला स्वतः तपासून पाहू द्यावे लागते.

काही वेळा राग रास्त असतो. इशारा उशिरा मिळाला, धोक्याच्या उतारावर घरे बांधू दिली गेली, मदत पोचली नाही. असा राग ‘चुकीचा विचार’ म्हणून पुसायचा नसतो. तो कोणावर आहे, किती आहे आणि त्याचे काय करता येईल, तक्रार, साक्ष किंवा संघटित प्रयत्न, हे ठरवणे हाच त्यावरचा उपचार.

धोका अजून खरा असेल तेव्हा

अपघातानंतरच्या आघातात ‘ते संपले’ असे म्हणता येते. भूकंपप्रवण किंवा पूरप्रवण भागात तसे म्हणणे खोटे ठरेल. तुर्कीत १७ ऑगस्ट १९९९ रोजी झालेल्या मार्मारा भूकंपानंतर मेतिन बाशोलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले ते या बाबतीत फार बोलके आहे. तिथे घर सुरक्षित ठरलेले असतानाही अनेक जण भीतीमुळे आत झोपत नव्हते. या गटाने लोकांना धीर देण्याऐवजी टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरे जायला आणि भीतीवर ताबा मिळवायला शिकवले. यासाठी त्यांनी भूकंपासारखे हादरे देणारी खोलीही तयार केली होती आणि हादरे सुरू-बंद करण्याचे नियंत्रण त्या माणसाच्याच हाती ठेवले होते. मोजक्या सत्रांतही लक्षणीय फरक पडला.

यातून घरी वापरता येण्याजोगी कृती अशी. टाळत असलेल्या गोष्टींची यादी करून प्रत्येकीपुढे भीतीचा आकडा लिहावा. तीस-चाळीस आकड्याच्या गोष्टीपासून सुरुवात करावी. उदाहरणार्थ, दिवसा नदीच्या पुलापर्यंत कोणाला तरी सोबत घेऊन जाणे. भीती चढून थोडी ओसरेपर्यंत तिथेच थांबावे, पळून येऊ नये, आणि तेच रोज करावे. मग एकट्याने, मग संध्याकाळी, मग पावसात. मात्र प्रत्यक्ष धोका असलेली जागा या यादीत कधीही घेऊ नये : तडे गेलेली इमारत, खचणारा उतार, इशारा दिलेल्या दिवशीची नदी. तज्ज्ञांनी घर राहण्यायोग्य ठरवले आहे का, हे आधी विचारावे.

तयारी आणि धास्ती यांतला फरकही इथेच करायचा. कागदपत्रे, औषधे, टॉर्च यांची पिशवी भरून ठेवणे, बाहेर पडायचा रस्ता ठरवणे आणि अधिकृत इशारा दिवसातून दोन ठरावीक वेळी पाहणे ही तयारी झाली. रात्रभर दर पंधरा मिनिटांनी उठून पाणी बघणे ही धास्ती. पहिली केली म्हणजे दुसरी कमी करायला बळ मिळते.

मुलांच्या बाबतीत

लहान मूल सांगत नाही, खेळून दाखवते. ठोकळ्यांचे घर पाडणे, पुन्हा रचणे, पुन्हा पाडणे चालू राहते. अंथरूण पुन्हा ओले होऊ लागते, मूल आईला सोडत नाही. खेळ थांबवू नये. तोच तोच खेळ महिनोन्महिने चालला आणि त्यातून मूल अधिकच बेचैन होत असेल तर तज्ज्ञांना दाखवावे. आपण हट्ट केला किंवा खोटे बोललो म्हणूनच हे घडले, असे मुलांना वाटू शकते. म्हणून “हे का झालं असं तुला वाटतं?” हे विचारून, उत्तर नीट ऐकून, मगच खरे कारण सोप्या शब्दांत सांगावे. त्या दृश्यांच्या बातम्या मुलांसमोर लावून ठेवू नयेत.

मुलांसाठी आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणूक यांवर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) ही पद्धत आहे आणि तीत पालकांचाही समांतर सहभाग असतो. कतरिना वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये झालेल्या एका अभ्यासात दवाखान्यात बोलावलेल्या मुलांपेक्षा शाळेतच उपचार मिळालेल्या मुलांपैकी कितीतरी अधिक जणांनी ते पूर्ण केले. शक्य असेल तिथे शाळेत सोय करावी असा याचा सरळ अर्थ आहे. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर काही आठवड्यांतच प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी मुलांच्या एका गटाला कथनावर आधारित उपचार आणि दुसऱ्या गटाला ध्यान व शिथिलीकरण दिले. दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. तेव्हा मूल प्रसंगाबद्दल बोलायला तयार नसेल तर ओढून बोलते करण्याची गरज नाही.

मृत्यू आणि बेपत्ता माणसे

आघात आणि शोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी त्या एकत्र येतात. शोकाला उपचार लागत नाही, सोबत लागते. सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ आणि वेदना तशीच राहून जगणेच थांबले असेल, तर आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला दीर्घ शोक विकार म्हटले आहे आणि त्यासाठी वेगळी उपचारपद्धती आहे. ज्यांचे माणूस सापडलेच नाही त्यांची अवस्था याहून कठीण. पॉलिन बॉस यांनी याला ‘संदिग्ध वियोग’ म्हटले आणि ‘आता मान्य करा’ असा आग्रह धरू नये हे ठामपणे मांडले. ‘ते बहुधा परत येणार नाहीत आणि कदाचित येतीलही’ ही दोन्ही वाक्ये मनात ठेवून रोजचे दिवस जगता येणे, हेच अशा उपचाराचे ध्येय असते. कधी काय विधी करायचा, फोटो कुठे लावायचा, हे कुटुंबाने ठरवावे, तज्ज्ञाने नाही.

घरच्यांनी काय करावे

सत्राहून आल्यावर “आज काय विचारलं?” असे विचारू नये. “चहा घेणार की थोडं पडणार?” एवढे पुरे. सांगितले तर ऐकावे, मध्येच स्वतःचा अनुभव जोडू नये. “तुझं तरी नशीब थोर, इतरांचं काय झालं बघ” हे वाक्य तर कधीच उच्चारू नये. तसेच, प्रेमापोटी सगळी टाळाटाळ आपणच सोयीची करून देऊ नये. बाजाराची वाट नदीकाठाने जाते म्हणून दर वेळी दुसऱ्यानेच सामान आणून दिले, तर त्या माणसासाठी तो रस्ता कायमचा बंद होतो. यादीतल्या पायऱ्यांवर सोबत चालणे ही घरच्यांची सर्वांत मोठी मदत. आणि घरचेही त्याच आपत्तीतून गेलेले असतात, हे विसरू नये. तक्रार न करणाऱ्या माणसाकडेही लक्ष ठेवावे.

सुधारणा मोजणे, औषधांची जोड आणि वर्षदिन

दर दोन-तीन आठवड्यांनी तीच प्रश्नावली भरून गुण शेजारी शेजारी लिहावेत. पीसीएल-५ मध्ये साधारण दहा किंवा अधिक गुणांची घट ही खरी सुधारणा मानतात. आकड्यांच्या जोडीला एक साधी नोंद ठेवावी : या आठवड्यात असे काय केले जे मागच्या महिन्यात जमत नव्हते. आठ-दहा सत्रांनंतर दोन्हीकडे काही हलले नसेल तर तज्ज्ञाशी स्पष्ट बोलावे. निदान बरोबर आहे का, नैराश्य किंवा व्यसन आड येते आहे का, घरचा अभ्यास होतो आहे का, सत्रात आपण सर्वांत अवघड भाग वगळून सांगतो आहोत का, हे तपासावे आणि गरज पडल्यास पद्धत किंवा तज्ज्ञ बदलावा. एका पद्धतीने बरे वाटले नाही म्हणजे आपण बरे होणारच नाही, असा निष्कर्ष काढू नये. सर्ट्रालिन किंवा पॅरोक्सेटिनसारखी औषधे पीटीएसडीवर उपयुक्त ठरलेली आहेत. नैराश्य तीव्र असेल किंवा बोलण्यातून उपचार मिळणेच शक्य नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ ती देतात.

दुःस्वप्ने उरली असतील तर वेगळे तंत्र आहे. दिवसा ते स्वप्न लिहून काढायचे, त्याचा शेवट किंवा कोणताही भाग आपल्याला हवा तसा बदलायचा आणि हे नवे स्वप्न रोज दहा-वीस मिनिटे मनात पाहायचे. काही आठवड्यांत अनेकांची स्वप्ने विरळ होतात.

उपचार संपताना शेवटच्या सत्रात पुढच्या वर्षाचे वेळापत्रक तज्ज्ञाबरोबर बसून लिहावे. आपत्तीचा वर्षदिन, पहिला मोठा पाऊस, दुसरीकडच्या आपत्तीची बातमी, नव्या घरात जाण्याचा दिवस, या प्रत्येक वेळी लक्षणे काही दिवस परत येण्याची शक्यता असते. त्या दिवशी कोणाबरोबर असायचे, कोणते तंत्र वापरायचे, बातम्या पाहायच्या की नाहीत आणि दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर कोणाला फोन करायचा, हे त्या कागदावर नावानिशी असावे, आणि त्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावी.